बारूदगाडीचा नीळकंठ

झरी जामणीकडच्या एका चुनखडीच्या खदानीत नीळकंठ सुरुंगाची बारूद आणणारी गाडी चालवायचा. माणूस बोलघेवडा. एका सकाळी कँटीनमध्ये नागपूरच्या मितालीबाई त्याच्या शेजारी चहा घ्यायला बसल्या. "एवढ्या उन्हात गाडी चालवता, थकत असाल," म्हणाल्या. नीळकंठ खुलला. गाडी कधी निघते, कुठल्या रस्त्यानं येते, सोबतचा शिपाई सध्या सुटीवर आहे, सगळं सांगून बसला.

दुपारी कामगारांना हॉलमध्ये बसवलं. कंपनीबाहेर काय बोलायचं नाही, हे शिकवायला पुढं त्याच बाई उभ्या. "सकाळी इथल्याच एकानं मला चहा पिता पिता बारूदगाडीची सगळी माहिती दिली. मी चोर असते तर?" नाव घेतलं नाही, पण नीळकंठाचे कान तापले.

त्यानं बोलणंच टाकलं. मारेगावला घरी मेहुणा रामधन आला, "काम कसं चालू हाये, भाऊजी?" एवढ्याचंही उत्तर देईना.

"नोकरी गेली काय तुमची?" बायको शीलानं घाबरून विचारलं.

"ते नाई सांगता येत," म्हणाला. ती रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी तो गाडी रिकामी करून परतत होता. गुरं राखणाऱ्या किसनरावांनी हात दाखवला. "सुरुंग कवा उडवून राह्यले आज? बैलं तिकडंच चरून राह्यली."

"मले नाई माहीत."

थोडं पुढं गेल्यावर मात्र त्याला चैन पडेना. एखादा बैल दगडाखाली आला तर? गाडी बाजूला घेऊन त्यानं मितालीबाईंनी हॉलमध्ये सगळ्यांना दिलेल्या नंबरवर फोन लावला आणि सुरुंगाची वेळ सांगू का, असं विचारलं.

"अहो, ती वेळ फाटकावर लिहिलेली असते. ती सांगायलाच हवी. गाडीचं तेवढं सांगू नका."

नीळकंठ धावत मागं गेला. "जेवणाच्या सुटीत उडवणार हायेत. बैलं काढा."

"मघा तर माहीत नव्हतं?" किसनरावांनी बैलं वळवली. मग म्हणाले, "उद्या कवा येता? गावातून माहा डबा आणसान काय?"

नीळकंठ अडखळला. "डबा दुसऱ्याजवळ पाठवाले सांगा. माह्या गाडीचं मी नाई सांगत." किसनराव बैलांमागं गेले.

संध्याकाळी त्यानं शीलाला सांगितलं, नोकरी शाबूत आहे, फक्त बोलायची बंदी आली आहे.

"मंग उद्या जेवाले कवा याल, तेवढं तरी सांगा."

ही वेळ गाडीची की आपली, ते नीळकंठाला उमगेना. 

"भूक लागली का तू जेवून घेजो," तो शेवटी म्हणाला. हे बरोबर बोललो की चूक, हे बाईंना विचारायचंही त्याला धाडस झालं नाही.