मातामायची फेरी आणि पळसाखालचा डबा

माझ्या नणंदेनं, पिंकीनं, काढलेला तो व्हिडिओ एव्हाना तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल, तेव्हा आता लपवून काय उपयोग? त्यात दिसतात ती वानरं. मी कुठंच दिसत नाही, पण सगळा पराक्रम माझाच! म्हणून म्हटलं, चहा निवायच्या आत माझ्याच तोंडून ऐका.

माझं माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. लग्नाआधी मी शाळेत गणित शिकवायची, म्हणजे दिवसभर घसा फोडायची. सासरी आले आणि 'हो', 'बरं' आणि 'घ्या ना' एवढ्यावरच आले. गप्प सुनेबद्दल घरात सगळ्यांचं मत चांगलं असतं. फक्त तिच्या गप्प बसण्याचा अर्थ ज्याचा तो लावतो, आणि घोळ तिथंच होतो!

आमच्या घरी रीत आहे. रामाकोन्याकडच्या टेकडीवर मातामायचं ठाणं आहे, नव्या जोडप्यानं पहिल्या हिवाळ्यात तिची फेरी करायची. चढ काही फार नाही. पण एकदा निघालं की अर्ध्यातून मागं फिरायचं नाही.

"फेरी मोडली त मातामाय कोपते," सासूबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. "आन जेवण खाली उतरल्यावर, बरं!"

त्या जेवणात माझी सगळी अब्रू होती. सासरी पहिल्यांदाच मी एकटीनं रांधलं होतं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि माझी खास सांबारवडी. हो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर! सासूबाई मदतीला आल्या तर मी त्यांना हातानंच 'बसा' केलं होतं. म्हणजे काही बिघडलं तर दोष एकट्या माझाच!

सकाळी गाडीवाल्यानं आम्हा पाच जणांना टेकडीच्या पायथ्याशी सोडलं आणि तो पलीकडच्या संत्र्याच्या बगिच्यात निघून गेला. सासूबाईंकडे पूजेचं ताट, ह्यांच्याकडे पाणी, आणि माझ्याकडे डबा. भरलेला स्टीलचा डबा हो, गॅसचं सिलेंडर परवडलं!

मी हिशेब केला. जेवायचं खाली उतरल्यावर. मग डबा वर न्यायचा कशाला? मातामायला काय भाकरी मोजून दाखवायच्या आहेत? सगळे पुढे गेल्यावर मी तो पायथ्याच्याच एका पळसाखाली दगडांच्या सांदीत सरकवला, वर पानं घातली आणि अशी झपाझप चढले की ह्यांना भारी कौतुक वाटलं.

वर पोचलो आणि डोळे निवले. खाली कन्हान नदी वळण घेत गेलेली, काळ्या रानात कपाशीची पांढरी नक्षी, आणि संत्र्याचे बगिचे असे की हिरव्या लुगड्यावर टिकल्या जडवाव्यात. आमच्या डोक्यावर घार गिरक्या घेत होती. पिंकीला मोराचं पीस सापडलं. किती छान चाललं होतं!

तेवढ्यात मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पलीकडे बोट दाखवलं. "पाह्य पोरी, आता त्या अंगानं उतराचं."

अगं बाई! डबा ह्या अंगाला!

"आपण... आल्या वाटेनंच उतरलो तर?"

सुनेचं एवढं मोठं वाक्य! सगळे वळून बघायला लागले.

"कायले वं?" सासूबाईंचं शेंदराचं बोट हवेतच थांबलं.

"ते... खाली... पळसाजवळ..."

"काही पाह्यलं काय तू तिथं?" ह्यांनी विचारलं.

मी पळसाच्या दिशेनं नुसतं बोट दाखवलं.

"मोठं होतं काय, वहिनी?" पिंकी.

डबा मोठा होताच. मी मान हलवली.

"चमकून राह्यलं होतं?"

स्टील चमकणारच की! मी पुन्हा मान हलवली.

"डोळे! त्याचे डोळे चमकले असन! बिबट होय!" पिंकी किंचाळली.

इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण 'नाही' हा शब्द सासरी काढायची माझी अजून वेळच आली नव्हती.

मामाजींनी तडक बगिच्यात गाडीवाल्याला फोन लावला. "अरे, टेकडीवर बिबट निंगाला! डबडे वाजवा, डबडे!"

संत्री तोडणाऱ्या माणसांनी हाताला लागेल ते बडवायला घेतलं. त्या गलक्यानं बिबट कुठला निघायला? बगिच्यात संत्री हाणत बसलेली काळ्या तोंडाची वानरं तेवढी उठली आणि शेपट्या उभारून, टेकडीला वळसा घालून, नेमकी पळसाकडे सुटली.

पिंकीनं फोन झूम करून तिकडं धरला. "हालून राह्यलं, हालून राह्यलं! अवो... हे त वानर होय. आई, त्याच्या हातात डबा हाये!"

"कोनाचा असन बिचाऱ्याचा," सासूबाई हळहळल्या. "आपल्या डब्यासारखाच दिसते, नाई?"

आणि मग? सगळ्यांच्या नजरा माझ्या रिकाम्या हातांवर.

शेवटी रडत रडत मी सगळं सांगितलं. आपण पलीकडे उतरलो तर डबा इकडेच राहील, म्हणून मी...

मामाजी इतके हसले की मातामायच्या ओट्याचा आधार घ्यावा लागला. "अवं पोरी, तिकडून उतरून टेकडीले वळसा घातला का आपण त्याच पळसाखाली येतो! तिथंच त जेवतो आपण. फेरी होय नं ते!"

म्हणजे मी तोंड मिटून नुसती चालत राहिले असते, तर थेट डब्यापाशी पोचले असते! आणि वानरांना तिथं धाडलं कुणी? मीच!

फेरी पूर्ण करून पळसाखाली आलो. भाकरी गायब, भरीत गायब, मिरचीचा ठेचासुद्धा चाटूनपुसून साफ. सांबारवड्या तेवढ्या दगडावर पडलेल्या, एकेक घास घेऊन टाकून दिलेल्या.

बगिच्यातून आलेली संत्री सोलत आम्ही जेवणाची वेळ भागवली. सासूबाई बराच वेळ त्या वड्यांकडे बघत होत्या. मग माझ्या हातात एक फोड ठेवून म्हणाल्या, "मले एक सांग, सूनबाई. शाळेत पोराइले तू शिकवत काय होती वं?"

मी मान खाली घातली.

"वर्तुळ."