टिपणिसांच्या दारातली गर्दी

वकिलाला जाहिरात करता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. पाटीसुद्धा बेताचीच लावायची. श्यामकांत टिपणिसांनी यावर जो तोडगा काढला, तो मेलो तरी मला सुचला नसता.

अंबरनाथ पूर्वेला पिठाच्या गिरणीवर त्यांचं ऑफिस होतं. १९८२ साली सनद घेऊन बसले तेव्हा पक्षकार औषधालाही नव्हते. शेजारच्या खोलीत मीही वकिली करायचो, म्हणजे माशा मारायचो. मग टिपणिसांनी युक्ती केली. जे थोडेफार पक्षकार होते, त्या सगळ्यांना सकाळी एकाच वेळी बोलवायला सुरुवात केली. ते आपापली माणसं घेऊन येत आणि जिन्यावर बसत. दळण घेऊन आलेली माणसं मान वर करून बघत आणि म्हणत, "चालतो वाटतं हा वकील." बघता बघता उल्हासनगरचे सिंधी व्यापारी गाड्या घेऊन यायला लागले. "साईं, टिपणीस को पकडो," असं तिथल्या सिंधी कॅम्पात एकमेकांना सांगायला लागले.

माणूस हुशार होता, हे मी नाकारणार नाही. ते उलटतपासणीला उभे राहिले की भल्याभल्या फौजदारांना घाम फुटायचा. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा, कारण जिना रिकामा झालेला त्यांना चालायचाच नाही. ज्याचं काम चुटकीसरशी होण्यासारखं, त्यालाही ताटकळत ठेवायचे.

१९९१ साली भीमा आला. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा गडी, आनंदनगरच्या एका कारखान्यात हमाली करायचा. तांब्याची तार चोरल्याचा आरोप होता आणि तो जामिनावर सुटला होता. बरोबर बायको भिकी. चोरी झाली त्या दिवशी भीमा बहिणीच्या लग्नात होता आणि सारा पाडा साक्ष द्यायला तयार होता. टिपणिसांनी कागद चाळले आणि म्हणाले, "सोपी केस आहे. सुटतोस तू." केस खरंच सोपी होती, म्हणूनच मागे पडली.

तारीख जवळ आली तशी दोघं कामधंदा सोडून रोज यायची आणि जिन्यावर बसायची. टिपणीस येता-जाता हात दाखवायचे, "आहे लक्षात." आत काही बोलावलं नाही. तेव्हा कल्याणला एका बड्या व्यापाऱ्यावर खुनाचा खटला उभा होता, टिपणीस त्याचे वकील होते आणि सगळा गाव त्याचीच चर्चा करत होता.

भीमाची तारीख नेमकी त्या खटल्याच्याच दिवशी आली. टिपणिसांनी निरोप धाडला, "आज फक्त आरोप वाचून दाखवतील. पुढच्या तारखेला मी आहेच." भीमा एकटाच पिंजऱ्यात उभा राहिला. न्यायाधीशांनी आरोप वाचून विचारलं, "समजलं?"

"व्हय जी."

"गुन्हा कबूल आहे?"

"व्हय जी."

त्यांनी पुन्हा विचारलं, नीट विचार करून सांग म्हणाले. भीमाने हात जोडून पुन्हा तेच सांगितलं. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची त्याच्या पाड्यावर रीत नव्हती. शिवाय कबूल म्हणजे आपल्यावर केस आहे हे मान्य, असं तो समजला होता. वर्षभराची सक्तमजुरी झाली आणि त्याला तिथूनच तुरुंगात नेलं.

टिपणिसांनी मग धावपळ केली, अपील केलं. पण गुन्हा कबूल केल्यावर शिक्षा झाली, तर अपील शिक्षेपुरतंच चालतं, कबुली काही पुसता येत नाही. वरच्या कोर्टाने शिक्षा थोडी कमी केली, पण चोर हा शिक्का कायम राहिला. कारखान्याने भीमाचं नाव आधीच काढून टाकलं होतं. तिकडे व्यापारी निर्दोष सुटला आणि टिपणिसांचं नाव पेपरात आलं.

अपिलाचा निकाल कळला त्या दिवशी भिकी आली. या वेळी तिला लगेच आत घेतलं. मीही तिथे होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. मग विचारलं, "तुमी त्या दिशी आला असतात, तर काय केला असतात, साहेब?"

टिपणीस खाली बघत म्हणाले, "त्याला नाही म्हणायला सांगितलं असतं."

"येवढाच?"

"एवढंच."

"मंग आदी का नाय सांगितलात, साहेब? आमी रोज हितं जिन्यावरच तर बसलेलो."