कौसाबाईच्या दोन पेट्या

आंबागडच्या आजूबाजूले मधमाशायची पेटी माह्यासारखी हाताळणारा दुसरा माणूस नाई. कौसाबाईच्या अर्ध्याच्यावर माशा एका सकाळी मेल्या, त्या माह्याच हातानं.

मी काई शिकलेला नाई. बाप जंगलातून मध काढे, त्याच्या मांगं फिरून शिकलो. एका संस्थेनं गावातल्या बायायले मधपेट्या देल्ल्या अन् देखरेखीले मले ठेवलं. कागदावर मी 'फील्ड असिस्टंट'. घरी बायको म्हणते, माशीवाला.

कौसाबाईजवळ शेती नाई. दोन पेट्या, तेच तिचं वावर. त्यातल्या एका पेटीतली राणी मेली. राणी म्हंजे अंडे देणारी माशी. ते गेली का नवीन माशा होत नाई, पेटी खतम. दुसऱ्या पेटीत राणी व्हती, पण माशा थोड्या. अशा वक्ती दोन्ही पेट्या एक करा लागते. पण एकदम नाई करता येत.

काहून? तर परतेक पेटीले आपापला वास असते. दारावर पहारेवाल्या माशा बसून रायते. लग्नाच्या मांडवात दाराजवळ एखादी बुढी बसून रायते ना, 'कोणाच्या घरचा रे बाबू?' इचारते, तशी. आपल्या पेटीचा वास आला, जा अंदर. दुसऱ्या पेटीचा आला, का डंख. मंग दोघी सकाळी एकाच फुलावर बसून आल्या असल्या तरी.

म्हणून पेटीवर पेटी ठेवाची अन् बीचमधी जुना पेपर टाकाचा. दोन-तीन दिवस माशा दोन्हीकडून पेपर कुरतडते. तवरी वास एक होऊन जाते. पेपरले भोक पडते तवा झगडाले कोणी परका उरतच नाई. मले पेपर वाचता येत नाई, पण त्याचा एवढा उपयोग मले मालूम आहे.

त्या सकाळी मी कौसाबाईकडं पेपर टाकाच्याच तयारीत व्हतो, तेवढ्यात संस्थेच्या साहेबाचा फोन आला. दुपारी पाहुणे पाहाले येणार व्हते.

"दोन कमजोर पेट्या दाखवू नको. एक भरलेली पाहिजे."

"साहेब, पेपर टाका लागते. तीन दिवस लागते त्याले."

"इकडंही माशा, तिकडंही माशा. सगळ्या सारख्याच आहेत ना? ओत एकात एक."

आता सांगा. ह्याच साहेबाच्या ऑफिसात मी चार सालापासून जाऊन राहिलो. वॉचमन मले नावानं वळखते, माह्याजवळून तंबाखू मांगते, तरी आयकार्ड दाखवल्याबिगर अंदर सोडत नाई. साहेबाचाच हुकूम हाय. अन् माशायनं कोणालेच काई इचाराचं नाई? हे सारं तोंडावर आलतं माह्या. पण तोंडातून निंघालं काय, तर "हो साहेब."

ओतलो. कौसाबाई बाजूलेच उभी व्हती. इचारलन, असंच असते का गा? मी म्हणलो, बिनधास्त राहा बाई.

घडीभरात पेटीसमोर मेलेल्या माशायचा सडा पडला. एक-एकीले तिघी-तिघी झोंबल्या. राणीले तर घेरून त्यायनं सुपारीएवढा गोळाच केला. मी हात घातलो, गोळा उचललो अन् कौसाबाईच्या तांब्यात बुडवलो. पाण्यानं माशा सुटल्या, राणी जितीच हाती आली. ते माचिसच्या डब्बीत ठेवलो. तवरी डंखायनं सुजून माह्या तोंडाची भाकर झालती.

पाहुणे आले. मेलेल्या माशा पायल्या. साहेबानं माह्याकडं बोट दाखवलं अन् म्हणाला, "फील्डवाल्यांची लापरवाही." फोनची गोठ त्यानं काढलीच नाई. मी घरी गेलो तर सुजलेलं तोंड पाहून माहाच कुत्रा भुकाले लागला. जवळ आला, हात हुंगला, शेपटी हालवली. कुत्र्याले समजते, साहेबाले नाई.

त्या संध्याकाळी राणीच्या डब्बीले भोक पाडून त्यावर पेपर लावलो अन् वाचलेल्या माशायमधी कायद्यानं ठेवलो; पेपर कुरतडला तवरी वास एक झाला. दोन पेट्यायची एक झाली, अन् जगली. पण औंदा कौसाबाईले थेंबभर मध नाई भेटणार.

यातून मी एक शिकलो. ज्याच्यानं साहेबाले नाई म्हणणं होत नाई, त्यानं पेटीचं झाकन उघडू नोये.

पण राग जाते का? मी कौसाबाईच्या आंगनात बसून साहेबाचा उद्धार केलो. त्याची अक्कल काढलो, त्याची डिग्री काढलो. कौसाबाई तांदूळ निवडून राहिलती. मान वर न करता म्हणाली,

"फोनवर तो व्हता गा देवराम. पेटीत हात कोणाचा व्हता?"