विळा आणि चौथा महिना

शिंदखेड्याजवळच्या गावी माझ्या धाकट्या बहिणीचं सासर. तिचा पोरगा दीड वर्षाचा झाला तरी मान धरत नव्हता, मधूनच झटके येत. सासरच्यांनी कारण कधीच शोधून ठेवलं होतं. तिला आठवा लागलेला असताना ग्रहण होतं. गरोदर बाईनं ग्रहणात हात जोडून बसायचं, काही कापायचं नाही. गोठ्यात वासरू हंबरत होतं म्हणून हिनं उठून विळ्यानं चारा कापला. आणि भोळी इतकी, की स्वतःच सांगितलं.

मी मुंबईला डॉक्टरकी शिकत होतो. निरोप आला, "लेकीला घेऊन जा, आम्ही मुलाचं दुसरं लग्न करतो." तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तिच्या सासरी जाऊन ओसरीवर सगळ्यांसमोर मी समजावलं. मेंदूतले कण, म्हणजे पेशी, जन्मतात एकीकडे आणि पोटातच सरकत सरकत जाऊन बसतात दुसरीकडे. पंगतीला आलेली माणसं आपापल्या पाटावर जातात, तसे. काही वाटेतच बसले, तर पंगत विस्कटते. आमच्या प्राध्यापकांना विचारून आलो होतो; पोराचं असंच काहीसं झालं असावं, असं त्यांचं मत. ही हलवाहलव तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जोरात चालते. आठव्यात विळा हातात घेतला काय नि न घेतला काय, पोराचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं. यात कुणाचा दोष नाही.

सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "चौथा महिनामा ते ही माहेरले व्हती."

म्हणजे चौथ्यात ती माहेरी होती, दोष आता आमच्या घरचा. ओसरीवरच्या माना डोलल्या. स्वतःच्या पोराला जावईबापूंनी एकदाही उचललं नव्हतं, हे मी तोंडावर सांगितलं. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

दुपारी बहिणीला घेऊन निघालो; दोंडाईच्याच्या स्टेशनावर आम्ही जळगावच्या गाडीची वाट बघत बसलो. पोराची मान तिनं तळहातावर तोलून धरली होती. ती म्हणाली, "भाऊ, मग चौथ्या महिन्यात माझं काय चुकलं असेल?"

"काहीच नाही," मी इतक्या जोरात ओरडलो की हमालांनी वळून पाहिलं. तिनं मान डोलावली. पण गाडीत बसल्यावर ती बोटांवर चौथ्या महिन्यातले सणवार आठवत राहिली, आणि तिच्या सासूच्या नावानं मी जळगावपर्यंत दात खात होतो.