चित्रावर ठेवलेला तळहात

बाइंडरला बाई कितपत ठाऊक होत्या, असं कुणी विचारलं असतं तर तो ओशाळून खळीच्या डब्यात ब्रश फिरवत राहिला असता. त्यांचं माहेर कुठलं, संसार कसा झाला, त्यांना गोड आवडायचं की तिखट, यातलं त्याला काही सांगता आलं नसतं. वर्षानुवर्षं त्याच्या वह्या-पुस्तकं बांधायच्या दुकानात येणारं माणूस, पण त्या आल्या की याच्या तोंडाला कुलूप. बोलायच्या त्या, मान हलवायचा तो. त्याला माहीत होतं ते एवढंच, की बाई बालवर्गाला शिकवतात, त्यांना पुठ्ठ्याची उरलेली कात्रणं वहीच्या पानाएवढी कापून लागतात आणि कोपरे गोल करून लागतात. पोरं कार्डं तोंडात घालतात म्हणून.

"बाइंडर, पुठ्ठ्यांच्या संगतीत राहून तुम्ही पुठ्ठ्यासारखे झालात," त्या म्हणायच्या. "ताठ, आणि आवाज नाही."

तो हसायचा. उत्तर त्याला सुचायचं, पण बाई रस्ता ओलांडून गेल्यावर.

लांब सुट्टी जवळ आली की बाई नवी कार्डं करायच्या. वर चित्र, खाली शब्द. अक्षर मोठं, टपोरं, लांबून वाचता येईल असं. चित्रांच्या नावाने मात्र आनंदीआनंद होता. एकदा त्याने धीर करून विचारलं, "बाई, ही खाट कशाला काढलीत?"

"खाट? अहो, उंट आहे तो! सुट्टीत पोरं पाठीवर बसून फेरी मारतात." मग कार्ड लांब धरून त्या स्वतःच हसत सुटल्या. "असू दे. बरंच झालं. चित्राच्या भरवशावर कुणी राहणार नाही, खालचं वाचतील."

शब्द सगळे सुट्टीचेच असायचे. समुद्र, वाळू, होडी, बस, तिकीट, टोपी, झोका, तंबू. फळा, खडू, पाटी यांतलं काही नाही. त्याच्या मनातला प्रश्न बाईंनीच ओळखला.

"फळा रोज समोर असतो हो. तो वाचून पोराला काय मिळणार? जे हवंय आणि हाताशी नाही, ते कागदावर सापडलं की पोर त्याला सोडत नाही." त्या कार्डांची चवड टेबलावर ठोकून सारखी करत म्हणाल्या, "ज्यांच्या घरचं कुणी कधी कुठे जात नाही ना, ती पोरं 'समुद्र' सगळ्यांच्या आधी वाचतात."

एकदा कार्डं पोचवायला तो बालवर्गात गेला होता. दाराशीच घोटाळला. सतरंजीवर पोरं दाटीवाटीने बसलेली. बाईंनी कार्ड वर धरलं, पोरं किंचाळली, "झोका!" मग बाईंनी दुसरा हात हळूच पुढे आणला आणि तळहात चित्रावर ठेवला. झोका दिसेनासा झाला. खाली उरली नुसती अक्षरं. सगळे डोळे खाली सरकले आणि ओठ हलायला लागले. बाईंनी हात काढला नाही, घाई केली नाही. ते पाहून त्याला आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो असं वाटलं. कार्डं उंबऱ्यावर ठेवून तो परत फिरला.

त्या वर्षी सुट्टी तोंडावर आली, तरी बाई कार्डं न्यायला आल्या नाहीत. आली त्यांची भाची. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले.

"काका, मावशीला झटका आला. उजवी बाजू गेली. आणि वाचा गेली."

त्याने हातातली सुरी खाली ठेवली.

"डॉक्टर म्हणतात, रोज सराव घेतला तर बोलणं परत येईल. येईल म्हणजे, येऊ शकतं. म्हणून म्हटलं कार्डं करावीत. तिचाच धंदा तिच्यावर." ती हसायला गेली आणि ते तिला जमलं नाही. "मला काही तिचं व्याख्यान नको हो. तिने एकदा मला 'लबाडे' म्हणावं, बास. आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला. कधी नावाने हाक मारली तर मी घाबरायची, मनात म्हणायची, आज काहीतरी चुकलंय आपलं. एरवी कायम लबाडे."

बाइंडरने कार्डं त्याच दुपारी कापली. कोपरे सवयीने गोल केले. संध्याकाळी दुकान बंद करून स्वतःच पोचवायला गेला, कारण भाचीला घर सोडून पुन्हा येणं जमणार नव्हतं.

इतक्या वर्षांत बाईंच्या घरात तो पहिल्यांदाच शिरला. एक खोली, मागे स्वयंपाकघर. खिडकीशी पलंग. बाई उशांना टेकून बसलेल्या, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तोही पाहत राहिला. आज गप्प बसण्यात दोघांची बरोबरी होती.

भाचीने कार्डांवर लिहिलं: पाणी, औषध, चादर, दुखतंय. एकेक समोर धरलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"पालथ्या घड्यावर पाणी," भाची म्हणाली आणि कार्डं बाजूला टाकून बसली.

बाइंडरने घसा खाकरला. "बाई... बाई वर्गात सुट्टीच्या शब्दांनी सुरुवात करायच्या." एवढं लांब वाक्य त्या घरात तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि बोलून झाल्यावर आपण आगाऊपणा केला असं त्याला वाटलं.

पण भाची उठली. कपाटावरची बाईंच्या कार्डांची जुनी पेटी काढली, धूळ झटकली. झाकण उघडल्याच्या आवाजाने बाईंनी डोळे उघडले.

"मावशी, हे बघ. हे काय आहे? स... स..."

"समुद्र!" पलंगाखालून डोकं काढून कुणीतरी ओरडलं.

पलंगाखाली भाचीची मुलगी होती. अजून शाळेत न गेलेली, गोल, एका जागी ठरेल तर शपथ. सगळे तिला गोटी म्हणायचे.

"तू गप गं! आजीला सांगू दे."

"आजीला येत नाही. मला येतं."

भाचीने मुलीकडे असं पाहिलं, की बाइंडरने आपली नजर पायाच्या अंगठ्यावर नेली. पण पलंगावरून एक बारीक आवाज आला. बाईंचे खांदे हलत होते. हसत होत्या त्या.

मग रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. बाइंडर दुकान बंद करून येई, स्टुलावर बसे. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा असंही म्हटलं नाही. भाची कार्ड धरी, बाईंचे ओठ हलत, श्वास बाहेर येई, शब्द येत नसे. आणि गोटीला राहवत नसे. "बस! तंबू! आई, मी सांगू?" ती सगळं चित्र पाहून सांगत होती, आईने अक्षरं ओळखायला शिकवली होती, पण त्यांच्याकडे ती ढुंकूनही बघत नसे.

एका संध्याकाळी भाचीने होडीचं कार्ड पलंगावर ठेवलं. गोटी त्यावर वाकली. तेवढ्यात बाईंचा डावा हात चादरीवरून सरकत आला, थांबला, पुन्हा सरकला आणि कार्डावर येऊन पडला.

"आजी, हात काढ ना. दिसत नाहीये!"

हात हलला नाही.

"दमली ती," भाची म्हणाली आणि हात उचलायला वाकली.

"राहू द्या," बाइंडर म्हणाला.

"अहो काका, हात पडलाय तिचा कार्डावर."

"पडला नाही. ठेवलाय."

भाचीने पाहिलं. तळहाताखाली चित्र झाकलेलं होतं, नेमकं चित्रच. खालची अक्षरं उघडी. गोटीने मान वाकडी केली, नाक पुठ्ठ्याला टेकेल इतकी खाली गेली. बाई घाई करत नव्हत्या. तोंडातून एक शब्द निघत नव्हता, पण डोळे वर्गातलेच होते.

"हो..." गोटी म्हणाली. बराच वेळ गेला. "डी. होडी! आई, इथे होडी लिहिलंय!"

भाची उठून स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता.

"हिच्यासाठी हात उचलतेस," ती बाईंना म्हणाली, "आणि माझ्यासाठी तोंड उघडत नाहीस." चेष्टेतच म्हणाली, पण शेवटच्या शब्दाशी आवाज फाटला.

त्या सुट्टीत गोटी वाचायला लागली. बाईंचा तळहात कार्डामागून कार्डावर जायचा आणि पोर अक्षरं उकलायची. उंटाच्या कार्डाशी मात्र तिने वाद घातला. "उंट लिहिलंय, पण आजीने खाट काढलीये. चुकलीस आजी." बाईंनी मान डोलावून चूक कबूल केली. पेटी संपली की भाची गोटीला बाजूला सारून पुढे बसायची. "मावशी, आता माझा नंबर. मी कोण?" बाई तिच्याकडे पाहायच्या. ओठ मिटायचे, उघडायचे, जीभ वर जायची आणि नुसती हवा यायची. डोळे भरायचे. मग भाचीच त्यांच्या केसांवरून हात फिरवायची. "राहू दे, राहू दे. उद्या म्हण."

सुट्टी संपायच्या आतच पहाटे दुसरा झटका आला आणि बाई गेल्या. लबाडे काही म्हटलं गेलं नाही.

पुढे कधीतरी भाची पेटी बालवर्गात देऊन परत जाताना दुकानात आली. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसली.

"काका, तुमच्याशी तरी काही बोलली का हो ती?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण खोटं बोलायचं म्हटलं तरी जीभ हवी. "एक शब्द," तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळी."

ती ताडकन सरळ झाली. "मी कुठे होते?"

"आत. भांडी घासत होतात."

"नळ सोडला असेल," ती म्हणाली. "मोठा सोडते मी नळ." मग त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, "लबाडे नव्हतं ना?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसून घरी गेली.

नव्हतंच ते. पेटीतल्या कुठल्या कार्डावरचाही नव्हता तो शब्द. इतका साधा होता, की बाई बोलल्या हे बाइंडरला गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर उमगलं. तिथे तो जरा वेळ उभा राहिला. मागे वळावं असं वाटलं, पण उद्या यायचंच होतं.

त्या संध्याकाळी गोटी पलंगाच्या पायथ्याशीच झोपून गेली होती. आत भांड्यांचा आणि पाण्याचा आवाज येत होता. बाइंडर स्टुलावरून उठला, चपला घातल्या, दारात गेला. बाहेरच्या पायरीचा दगड निखळलेला होता आणि आदल्या दिवशी तो तिथेच अडखळला होता. तो मागे वळला.

"येतो, बाई."

"पायरी," बाई म्हणाल्या.

"हो हो, बघून उतरतो."