गॉजवरचा तुकडा

आमच्या रुग्णालयातल्या आया, मावशी म्हणतो आम्ही त्यांना, त्यांनी सव्वीस वर्षं लोकांच्या आतड्यांतलं पाणी उपसलं, असं मी सांगते तेव्हा लोक नाक मुरडतात. मुरडा खुशाल! दुर्बिणीने आतडं तपासताना डॉक्टर आतला कोंब कापतात, पॉलिप म्हणतात त्याला. तो पाण्याबरोबर नळीतून खेचला जातो आणि वाटेतल्या जाळीच्या डबीत अडकतो. तो प्रयोगशाळेत गेला तरच कळतं, साधा आहे की कॅन्सरचा. डबी लावायची मी, नर्सने. त्यातून तुकडा वेचायचा मावशींनी.

त्या दिवशी मी डबी लावलीच नाही.

टेबलावर एक शिंपी होता, एक्केचाळीस वर्षांचा. वडील याच रोगाने गेलेले. डॉक्टरांनी वाटाण्याएवढा कोंब कापला, खेचला आणि म्हणाले, "बघा, आला का." मी बघते तर नळी थेट मोठ्या बाटलीत गेलेली! पायाखालची जमीनच सरकली. दीड लिटर गढूळ पाणी, आणि त्यात कुठेतरी त्या माणसाचा तुकडा.

बाटली घेऊन मी धुण्याच्या खोलीत धावले. "मावशी, मेले मी!"

"मरायचं नंतर बघू. आधी गॉज आण."

तसराळ्यावर गॉजचं जाळीदार कापड ताणून त्या पाणी गाळू लागल्या. पहिल्यांदा टोमॅटोची साल आली. मग एक बी. मग काहीच नाही. दारातून शिंप्याची बायको दिसत होती, त्याचे बूट मांडीवर घेऊन बसलेली. तिला काय सांगणार होते मी? आणि मावशी? डोळे मिटून ओल्या गॉजवरून बोट फिरवत होत्या!

"अहो, बघा की नीट! झोप काढताय का?"

"गप बस जरा."

चौथ्यांदा गाळताना बोट थांबलं. "हा घे." गुलाबी, मऊ, देठासकट. मला रडूच कोसळलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. टोकाला कॅन्सर सुरू झाला होता, पण देठ स्वच्छ होता. म्हणजे सगळा निघाला, शिंपी वाचला. मी नाचतच मावशींकडे गेले. वाटलं, आता माझी चांगली खेचतील. त्या स्टुलावर मटकन बसल्या.

"पोरी, चार महिने झाले, मला धड दिसत नाही. त्या दिवशी बोटांनीच शोधला."

"अहो, मग सांगायचं ना!"

"घरी बसवतील म्हणून नाही बोलले." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "या चार महिन्यांत डबीत बघून कितीदा म्हणाले असेन मी, काही नाही, ओतून टाका?"

मी त्यांचा हात धरला. मग मी रजिस्टर काढलं आणि त्या चार महिन्यांतली, 'तुकडा मिळाला नाही' असं लिहिलेली नावं शोधायला बसले.

पहिल्याच पानावर तीन निघाली.