पाटीवरचं नाव

बाहत्तरच्या सुमारास मी भिंगारच्या बाजारात पाट्या रंगवायचो. एके सकाळी एक बाई डोक्यावर फळी घेऊन आली. फळी तिनंच रंधा मारून गुळगुळीत केली होती. नवरा वारल्यापासून त्याचं सुतारकाम तीच बघायची. सोबत दीर होता.

"भावाचं नाव लिहा," दीर म्हणाला.

बाई फळीवरून अंगठा फिरवत होती. "ते हुते तवर दुकान त्यांचंच हुतं. आता गिऱ्हाईक काय म्हनतंय? सुतारणीकडं जा म्हनतंय. तेच लिवा, 'सुतारणीचं दुकान'."

"वहिनी, लोक हसतील!"

"हसू द्या की, भावजी. खाट मोडली की हसनारा बी माज्याकडंच येतोय."

मी तांबड्या रंगात ठळक अक्षरं काढली. नावाबद्दल इतकं निश्चिंत गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

संध्याकाळी तिच्या दुकानावरून गेलो. बाई पदर खोचून, तोंडात खिळे धरून शिडीवर चढली होती. खाली दिरानं शिडी घट्ट धरली होती आणि मान वर करून तो सांगत होता, "वहिनी, डावीकडनं जरा वर घ्या."